सासऱ्यांची आरएक्स, बायकोच्या मापाची

जुनी मोटरसायकल बायकोसाठी तयार करायची असेल तर पाना हातात घेण्याआधी टेप घ्या. आधी माप गाडीचं नाही, चालवणारीचं. पन्नास जणांच्या गाड्या पाहिल्या आहेत मी: रंग चकाचक, टाकीवर आरसा दिसेल इतकी पॉलिश, आणि जिच्यासाठी केली ती बिचारी मागेच बसते, कारण पाय टेकत नाहीत. अशी गाडी तिची झाली असं मी म्हणणार नाही.

मी वागळे इस्टेटमध्ये फिटर आहे. हिची कळव्याच्या रुग्णालयात ड्यूटी, कधी सकाळ, कधी रात्र. उंची चार फूट अकरा इंच. गाडी सासऱ्यांची, यामाहा आरएक्स १००, मोरपंखी निळी. पेणला पडवीत झाकून ठेवलेली होती. गुडघ्यामुळे त्यांचं गाडी चालवणं थांबलं आणि त्यांनी किल्ली जावयाला नाही, मुलीला दिली. शाळेत असताना ही त्यांच्यामागे बसून पेणच्या बाजारात जायची. आता पुढे बसायचं होतं.

माप असं घ्या. रोज जे बूट किंवा सँडल घालून ती गाडी चालवणार तेच पायात हवेत. भिंतीला टेकून उभं करा, दोन मांड्यांच्या मध्ये वरपर्यंत एक जाड पुस्तक धरायला सांगा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. मग गाडी स्टँडवरून काढून, कोणीतरी मागून धरून, तिला सीटवर बसवा. टाचा किती वर राहतात ते मोजा. हँडलला हात लावल्यावर कोपर ताठ होतं की थोडं वाकलेलं राहतं ते पाहा. क्लचच्या लिव्हरवर बोटांचं पहिलं पेर पोहोचतं की दुसरं, हेही लिहून ठेवा. बाजूने एक फोटो काढा. आणि मग तिलाच विचारा की काय टोचतंय. ही म्हणाली, "अहो, दोन्ही पाय पूर्ण नाही टेकले तरी चालेल. पण सिग्नलला डावा पाय टाचेसकट टेकला पाहिजे. उजवा मला ब्रेकवरच ठेवायचाय." अगदी बरोबर. कळव्याच्या पुलाच्या चढावर ट्रॅफिक थांबला की मागचा ब्रेक सोडून उजवा पाय खाली टाकता येत नाही. पुढची सगळी कामं मी त्या एका वाक्यावरून ठरवली.

कागदपत्रं सुरुवातीलाच हातात घ्या, गाडी खोलून झाल्यावर नाही. आमची गाडी एमएच ०६ ची, म्हणजे पेणच्या आरटीओची. ठाण्यात आणायची तर ना हरकत दाखल्यासाठी फॉर्म २८, नावावर करायला २९ आणि ३०, आणि पंधरा वर्षं उलटल्यामुळे नोंदणीच्या नूतनीकरणासाठी २५. सोबत पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि नवीन हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. रंग बदलणार असाल तर तोही आरसी बुकात चढवावा लागतो. आम्ही मोरपंखीच ठेवला, तिलाही तोच हवा होता. आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात: बायकोकडे फक्त विनागिअर स्कूटरचं लायसन्स असेल तर ते मोटरसायकलला चालत नाही. गिअरच्या गाडीचं लर्निंग लायसन्स आधी काढा, गाडी तयार होईपर्यंत तेही पिकतं.

खोलताना प्रत्येक जोडणीचा फोटो काढा, विशेषतः वायरिंगचा. नटबोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत, पिशवीवर चिठ्ठी. चासी सँडब्लास्टिंग आणि पावडर कोटिंगला देताना हँडलच्या मुळाशी ठोकलेल्या चासी नंबरावर उष्णता सहन करणारी टेप लावूनच द्या आणि कारागिराला तोंडी बजावा. नंबर कोटिंगने बुजला की आरटीओच्या तपासणीत तुम्हीच उत्तरं देत बसाल.

आता इंजिन. ९८ सीसी, टू-स्ट्रोक, बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर आणि स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धावही ५०. दिसायला इतकं साधं की माणसाला वाटतं पिस्टन आणि रिंग टाकल्या की झालं. तसं नसतं. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस, म्हणजे क्रँक फिरतो ती खालची पेटी, हीसुद्धा पंपाचं काम करते, म्हणून क्रँकचे दोन्ही ऑइल सील धडधाकट हवेत. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत सीलचं रबर कडक होतं. उजव्या, म्हणजे क्लचच्या बाजूचं सील गेलं की इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल ओढतं: पांढरा धूर थांबत नाही आणि गिअर ऑइल कमी होत जातं. डाव्या, म्हणजे मॅग्नेटच्या बाजूचं गेलं तर जास्त धोका, कारण तिथून हवा शिरते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), ॲक्सिलरेटर सोडला तरी रेस खाली येत नाही आणि शेवटी पिस्टन जाम होतो. पिस्टन जाम म्हणजे मागचं चाक अचानक लॉक. घोडबंदर रोडवर कंटेनरच्या पुढे हे झालं तर काय, याचा विचार करा आणि दोन्ही सील बदला, जुनी चांगली दिसत असली तरी. इंजिन उघडावं लागतं, मजुरी जास्त होते, पण या कामात काटकसर करू नका.

इंजिन उघडलंच आहे तर कनेक्टिंग रॉड वर-खाली हलवून पाहा. बाजूला थोडी हालचाल असतेच, पण सरळ वर-खाली अजिबात खेळ नको. बोअरमध्ये ओरखडे असतील तर बोअरिंग करून ०.२५ मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन, त्यात नाही भागलं तर ०.५०. पिस्टन आधी विकत घ्या आणि त्याच पिस्टनच्या मापाने बोअर करायला सांगा. पिस्टन खालच्या स्कर्टवर, पिनच्या काटकोनात, मायक्रोमीटरने मोजतात. वर्निअरवर हे काम होत नाही. बोअर करून आला की पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांच्या कडांवरून बोट फिरवा. धारदार लागल्या तर परत पाठवा. त्या कडांना बारीक उतार दिलेला नसेल तर रिंग तिथे अडकून तुटते. रिंग बसवताना तिची तोंडं पिस्टनच्या खाचेतल्या छोट्या पिनवर बरोबर आली पाहिजेत, नाहीतर सिलिंडर खाली सरकवतानाच रिंग जाते.

टाकीतला गंज काढायला महागडं केमिकल लागत नाही. कॉक काढून भोक बंद करा, किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व गरम पाण्यात विरघळवून टाकी गच्च भरा आणि रात्रभर ठेवा. गंज जाड असेल तर मूठभर नट आत टाकून टाकी हलवा, आणि सगळे नट बाहेर आले याची खात्री करा. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने विसळा, लगेच वाळवा आणि टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचं ऑइल) घातलेलं थोडं पेट्रोल आत फिरवा, नाहीतर तासाभरात तांबूस थर परत चढतो. आपल्याकडची हवा खाडीची, दमट. त्यात पंपावर आता ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. त्यातलं इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराला त्रास देतं. म्हणून पेट्रोल पाइप, कॉकचे वॉशर, कार्ब्युरेटरची नीडल आणि गॅस्केट नवीनच टाका, आणि पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल काढून ठेवा.

सुट्या भागांसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि चोर बाजार पालथा घालायची तयारी ठेवा. अस्सल जुना कार्ब्युरेटर साफ करून वापरणं नवीन नकली घेण्यापेक्षा चांगलं, असं माझं ठाम मत आहे. सील, केबल, ब्रेक शू मात्र जुने घेऊ नका.

आता तिच्या मापाकडे येऊ. उंची कमी करायची म्हटली की बहुतेक मेकॅनिक मागचे शॉकॲब्सॉर्बर छोटे टाकायला निघतात. माझा याला विरोध आहे. गाडी मागून खाली आली की साइड स्टँड लांब पडतो, गाडी स्टँडवर उभीच राहते आणि धक्का लागला की पलीकडे पडते. वळणावर खालचे भाग घासतात, आणि खड्ड्यात चाक मडगार्डला लागतं. उंची सीटमधूनच काढा. आणि नुसती जाडी कमी करून काम होत नाही, रुंदी कमी करावी लागते. सीट पुढे रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि पायाची लांबी तिथेच वाया जाते. शिंप्याकडे बाही खोलून जशी बगल आत घेतात, तसं टाकीजवळच्या सीटचे दोन्ही खांदे उतरते कापून घ्या. कुशनवाल्याकडे तिला सोबत न्या, प्रत्येक कापानंतर गाडीवर बसवा. खाली कडक रिबॉन्डेड फोम, वर पातळ मऊ थर. बसायच्या जागी निदान दोन इंच कडक फोम राहू द्या, नाहीतर प्रत्येक स्पीडब्रेकरला माकडहाडाला हिसका बसतो. रेक्झिनची शिवण मांडीच्या आतल्या बाजूला येऊ देऊ नका, आणि रेक्झिनखाली प्लास्टिकचा कागद घालून घ्या, शिवणीतून पावसाचं पाणी फोममध्ये जातं. आमच्या सीटची जाडी इंचभरच कमी झाली, पण खांदे उतरवल्यावर हिची डावी टाच टेकली.

हँडल दीड इंच मागे आणि थोडं वर येणारं घेतलं. इथे एक बारीक गोष्ट आहे. आरएक्समध्ये ॲक्सिलरेटरची वायर पुढे दोन वाटांनी जाते, एक कार्ब्युरेटरला आणि एक टू-टी ऑइलच्या पंपाला. हँडल बदललं, वायरचा रस्ता बदलला, की पंपाची खूण परत जुळवावी लागते. ती चुकली तर इंजिनाला ऑइल कमी जातं, आणि नवीन पिस्टनची वाट लागते. शेवटी इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. रेस आपोआप वाढली तर वायर ताणली जाते आहे, ती मोकळी करा.

क्लच हलका करायला स्प्रिंग कापणारे लोक आहेत. त्यांच्याकडे गाडी देऊ नका, क्लच घसरायला लागतो. नवीन वायर टाका, तिला कुठेही तीव्र वळण देऊ नका, आणि क्लच दाबून अर्ध्यावर आल्यावर इंजिनवरचा आर्म वायरच्या काटकोनात येईल असं सेटिंग करा. लिव्हरच्या मुळाशी दोन-तीन मिलिमीटर मोकळेपणा ठेवा. लिव्हरची जोडी थोडी खाली फिरवा, म्हणजे मनगट सरळ राहतं. रात्रपाळी करून सकाळी कोपरीच्या गर्दीत सापडल्यावर हाच फरक हाताला कळतो.

किकची भीती अनेकींच्या मनात असते. आरएक्सची किक हलकी असते, आणि गिअरमध्ये गाडी बंद पडली तरी क्लच दाबून किक मारता येते, न्यूट्रल शोधत बसावं लागत नाही. तीन हात नाक्याच्या सिग्नलला याचं मोल कळतं. साइड स्टँडच्या पायाला थोडी रुंद पट्टी वेल्ड करून घ्या, पावसात मातीत रुतत नाही. चेन कव्हर दिसायला जुनाट वाटतं म्हणून काढू नका; ओढणी चेनमध्ये गेली तर काय होतं ते ही वॉर्डात बघते. आणि सायलेन्सर कापून आवाज वाढवू नका. आतली नळी काढून कार्बन साफ करा, गाडी खुलते, आणि रात्री अकराला सोसायटीतून निघताना कोणाची झोपमोड होत नाही.

ब्रेक दोन्हीकडे ड्रम आहेत. ड्रम गोल आहे का ते तपासा, कॅमला अगदी थोडं ग्रीस द्या, जुन्या शूची धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. टायर पुढे २.५०-१८, मागे २.७५-१८. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. नक्षी कितीही शिल्लक असली तरी जुनं कडक टायर टाकून द्या. तिचं हेल्मेट तिच्या डोक्याच्या मापाचं घ्या, तुमचं जुनं नको.

पहिल्या टाकीला ऑइल पंपावर भरवसा ठेवू नका. पंपातली हवा काढूनही पेट्रोलमध्ये लिटरला २० मिली टू-टी ऑइल वेगळं घाला. थोडा जास्त धूर येईल, येऊ द्या. रनिंगमध्ये, म्हणजे नवीन पिस्टन बसेपर्यंत, एकाच वेगाने फार वेळ पळवायची नाही, ॲक्सिलरेटर अर्ध्याच्या पुढे नाही, मधून मधून थांबवून थंड होऊ द्यायची. प्लग काढून बघा: चॉकलेटी हवा. पांढरट दिसला तर मिश्रण पातळ आहे, कार्ब्युरेटरमधला पेट्रोलचा जेट एक नंबर मोठा टाका आणि परत बघा. इंजिन पूर्ण थंड असताना सिलिंडर हेडचे नट आडवे-तिडवे क्रमाने परत आवळा.

आमच्या कारखान्याला शुक्रवारी सुट्टी असते, तेव्हा इस्टेटचे आतले रस्ते रिकामे मिळतात. तिथे हिने सराव केला: चढावर उभं राहून सुटणं, डाव्या पायावर थांबणं, गिअरमध्ये किक. पहिल्या आठवड्यानंतर तिला पुन्हा विचारा की काय टोचतंय, कारण दुकानासमोर पाच मिनिटं बसून जे कळत नाही ते रोजच्या रस्त्यावर कळतं. हिने आरशांच्या दांड्या लांब मागितल्या, खांद्याऐवजी मागचा रस्ता दिसावा म्हणून, आणि ब्रेकचं पेडल जरा खाली. दोन्ही कामं त्याच संध्याकाळी झाली.