पुल रिक्वेस्ट पाठवण्याआधी डिफ बघा

ओपन सोर्स प्रकल्पात दुरुस्ती करून ती आत घ्या अशी विनंती, म्हणजे पुल रिक्वेस्ट, पाठवायची आहे. फोर्क (प्रकल्पाची आपल्या खात्यातली प्रत), क्लोन (ती आपल्या मशीनवर उतरवणं), वेगळी ब्रँच (बदलांची स्वतंत्र शाखा) हे माहीत असेलच. कॉन्ट्रिब्युटिंग नावाची फाइल शेवटपर्यंत वाचा. जो बग दुरुस्त करायचाय त्याचा इश्यू (नोंद) आधीच उघडलाय का, कुणी हातात घेतलाय का, ते शोधा. बदल मोठा असेल तर कोड लिहिण्याआधी विचारा. मेंटेनरना, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्यांना, ती सोय प्रकल्पात नकोच असेल तर सगळी मेहनत पाण्यात जाते.

आता मुख्य गोष्ट. कमिट करण्याआधी, म्हणजे बदल गिटमध्ये नोंदवण्याआधी, डिफ बघा, म्हणजे कोणत्या ओळी बदलल्या ती यादी. मागच्या वेळी मी बघितला नव्हता. काम दोन ओळींचं होतं, एक अट उलटी लिहिली गेली होती. पण माझा एडिटर फाइल सेव्ह करतानाच तिचं फॉरमॅटिंग बदलत होता. त्याने सगळे टॅब काढून तिथे स्पेस घातल्या आणि पुल रिक्वेस्टमध्ये अख्खी फाइल लाल-हिरवी दिसू लागली. रिव्ह्यू करणाऱ्याने विचारलं, "यात नेमकं बदललंय काय?" त्या दोन ओळी मलाही पटकन सापडेनात. असा कमिट आत गेला तर गिट ब्लेममध्ये (कोणती ओळ शेवटी कुणी बदलली ते दाखवणारी कमांड) ओळीओळीवर तुमचं नाव चढतं, आणि त्याच फाइलवर काम करणाऱ्या इतरांना विनाकारण कॉन्फ्लिक्ट (एकाच ओळीवरचे न जुळणारे बदल) सोडवत बसावं लागतं.

म्हणून त्या प्रकल्पापुरतं ऑटो-फॉरमॅट बंद करा, किंवा प्रकल्पाचंच फॉरमॅटर वापरा. कमिटमध्ये जाणारे बदल निवडणारं 'गिट ॲड' सरसकट मारू नका. '-पी' लावून एकेक तुकडा बघून घ्या. मग निवडलेले बदल दाखवणारं 'गिट डिफ --स्टेज्ड'. ओळ न् ओळ वाचा. डीबगिंगसाठी टाकलेले प्रिंट, चुकून आलेली कॉन्फिग फाइल, पासवर्ड, सगळं इथेच सापडतं. पासवर्ड एकदा पुश झाला (सर्व्हरवर गेला) की पुढच्या कमिटमध्ये काढून उपयोग नाही, इतिहासात तो राहतोच. तो बदलावाच लागतो.

टेस्ट लिहा, आणि तुमची दुरुस्ती काढली की ती नापास होते का ते तपासा. कमिट मेसेजची पहिली ओळ साधारण ५० अक्षरांत, मग एक ओळ रिकामी, मग बदल का केला ते. 'साइन्ड-ऑफ-बाय' ही नावाची ओळ मागत असतील तर 'गिट कमिट -एस' (छोटा s). लिनक्स कर्नलमध्ये २००४ पासून ही पद्धत आहे. हा कोड देण्याचा हक्क मला आहे, अशी ती ग्वाही असते. त्यात घाईने काहीही लिहू नका.

पुढे सीआय (आपोआप चालणाऱ्या तपासण्या) हिरवं होईपर्यंत थांबा, उत्तराची घाई करू नका, सांगितलेल्या दुरुस्त्या त्याच ब्रँचवर करा, लागलं तर रीबेस (आपले कमिट मुख्य ब्रँचच्या ताज्या कोडवर पुन्हा बसवणं). आणि प्रत्येक नव्या पुशआधी परत डिफ. दुसऱ्यांदा पुश करतानाही एडिटरने तेच केलेलं असू शकतं.