एकसामयिक समीकरणं : किंमत काढून ठेवायची पद्धत (सतरा नंबरवाले आणि भरतीवाले, दोघांसाठी)

माझ्याकडे संध्याकाळी गणिताला येणाऱ्यांत दोन प्रकारची मंडळी असतात. एक म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसणारी, आणि दुसरी पोलीस भरतीवाली, ज्यांनी दहावीनंतर आर्ट्स घेतलं आणि बीजगणिताचं तोंड परत बघितलंच नाही. दोघांनाही मी सुरुवात एकसामयिक समीकरणांपासूनच (दोन अनोळखी संख्या, आणि दोघींना एकाच वेळी लागू पडणारी दोन समीकरणं) करून देते, कारण बोर्डाच्या गणित भाग १ चा पहिलाच धडा हा आहे आणि भरतीच्या अंकगणितात वयं, दोन अंकी संख्या, नोटा-नाणी हे सगळं फिरून फिरून यावरच येतं. पुस्तकात एक्स-वाय असतं, मी इथे जुन्या पुस्तकांसारखं क्ष आणि य लिहितेय, फरक काही पडत नाही.

पद्धत सांगायला दोन ओळीसुद्धा लागत नाहीत. एका समीकरणातून एका चलाची (म्हणजे क्ष किंवा य, ज्या अनोळखी संख्या शोधायच्या त्यांतल्या एकीची) किंमत दुसऱ्या चलाच्या रूपात काढायची आणि ती दुसऱ्या समीकरणात ठेवायची, मग एकच चल उरतं आणि पुढचं सातवी-आठवीचं गणित. वयाच्या गणितात तर पहिलं काम उदाहरणवाल्यानेच करून ठेवलेलं असतं. वडिलांचं वय मुलाच्या चौपट आहे, ५ वर्षांनी तिप्पट होईल. मुलाचं आजचं वय य धरलं तर वडील ४य, झालं, आता ४य + ५ = ३(य + ५), म्हणजे य = १०, वडील ४०. इथे दोन चलं घेऊन लोप (समीकरणांची बेरीज-वजाबाकी करून एक चल घालवणं) करत बसण्यात काही अर्थ नाही. फक्त "य = मुलाचं आजचं वय" हे वाक्य वर लिहायचंच, नाहीतर शेवटी १० हे आजचं वय की ५ वर्षांनंतरचं यावरून स्वतःशीच भांडण होतं.

कुठलं चल काढायचं हे बघायला नवीन मुलं वेळच देत नाहीत, सरळ पहिल्या समीकरणातला क्ष धरतात. आधी दोन्ही समीकरणांवर नजर फिरवा आणि ज्याचा सहगुणक (चलाला गुणणारा आकडा) १ किंवा −१ आहे ते चल पकडा. असं एकही नसेल, म्हणजे ३क्ष + ५य आणि ७क्ष − ४य असलं काही असेल, तर ही पद्धत सोडा आणि सहगुणक समान करून लोप करा, नाहीतर अपूर्णांकांत अडकाल.

आता खरी गंमत. समजा ही दोन आहेत:

२क्ष + य = ५
३क्ष − २य = ४

पहिल्यातून य = ५ − २क्ष. हे दुसऱ्यात ठेवताना कंस टाकायचा म्हणजे टाकायचा: ३क्ष − २(५ − २क्ष) = ४. कंस सोडवला की ३क्ष − १० + ४क्ष = ४, म्हणून क्ष = २, य = १. पण घाईत बरेच जण ३क्ष − १० − ४क्ष लिहितात, बाहेरचा वजा फक्त पाचाला लावतात आणि आतल्या वजाला विसरतात. मग क्ष = −१४ येतो, य = ३३. आता हा गडी ताळा करतो पहिल्या समीकरणात: २ × (−१४) + ३३ = ५. बरोब्बर! खूश होऊन पुढच्या गणिताला जातो.

का जुळलं? कारण य त्याच समीकरणातून काढलाय, त्यामुळे क्ष काहीही चुकीचा असला तरी तिथे ते जुळणारच. दुसऱ्यात ठेवून बघा, −४२ − ६६ = −१०८, चारच्या जवळपाससुद्धा नाही. म्हणून ताळा नेहमी दुसऱ्या समीकरणात, ज्यात किंमत ठेवली होती त्यात. मी वह्या तपासते तेव्हा उत्तराच्याही आधी ताळ्याची ओळ बघते, चूक तिथेच सापडते.

ह्याचंच भावंड म्हणजे काढलेली किंमत परत त्याच समीकरणात ठेवणे. य = ५ − २क्ष पहिल्यातच घातलं की २क्ष + ५ − २क्ष = ५, म्हणजे ५ = ५, आणि पोरं विचारतात मॅडम क्ष कुठे गेला. कुठे नाही गेला, तुम्ही फिरून जागेवर आलात. पण किंमत दुसऱ्याच समीकरणात ठेवूनही ५ = ५ आलं तर मात्र दोन्ही समीकरणं मुळात एकच आहेत, उकली अगणित. आणि ० = ७ सारखं काही आलं तर उकल नाही, आलेखात त्या दोन समांतर रेषा.

बोर्डवाल्यांनी एक लक्षात ठेवा, प्रश्नात "क्रेमरच्या पद्धतीने सोडवा" असं असेल तर निश्चयक (समीकरणांतले आकडे चौकटीत मांडून तिरप्या गुणाकारांची वजाबाकी) काढूनच सोडवायचं, तिथे आपली आवड चालत नाही. ९९क्ष + १०१य = ४९९ आणि १०१क्ष + ९९य = ५०१ असली उलटसुलट सहगुणकांची जोडी दिसली तर आधी बेरीज करा (क्ष + य = ५), मग पहिलं दुसऱ्यातून वजा करा (क्ष − य = १), आणि आता य = ५ − क्ष ठेवा, क्ष = ३, य = २. आणि दोन अंकी संख्येच्या गणितात क्ष दशकाचा, य एककाचा अंक धरला असेल तर क्ष = ५, य = ७ वर थांबू नका, विचारलंय संख्या, तर ५७ लिहा.

भरतीवाल्यांना एवढं सगळं लिहायची गरजच नसते, पर्याय दिलेले असतात, तेच ठेवून बघायचे. फक्त वरच्या वयाच्या गणितात ३६-९, ४०-१०, ४८-१२ असे पर्याय असतील तर "चौपट" ही अट तपासत बसू नका, तिन्ही चौपटच आहेत. सरळ दुसरी अट लावा: ४१-१४ नाही, ४५-१५ हो, खूण करा आणि पुढे चला.