हिवाळ्यातलं शेटलंड: वारा पाहून आखायचा प्रवास

ब्रिटनमध्ये राहणारी बरीच मराठी मंडळी शेटलंडचा बेत जून-जुलैचा ठरवतात. हिवाळ्यात जायचं असेल तर तोच बेत सहा महिने पुढे ढकलून चालत नाही, सगळी मांडणीच बदलावी लागते. उन्हाळ्यात काय पाहायचं ते ठरवून दिवस आखता येतात. हिवाळ्यात आधी जहाज, वारा आणि उजेड पाहायचा, मग उरलेल्या वेळात काय बसतं ते.

शेटलंड म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेला, ६० अंश उत्तर अक्षांशावरचा शंभराहून जास्त बेटांचा पुंजका. त्यांतल्या १६ बेटांवर वस्ती आहे. समुद्राच्या उबेमुळे थंडी वाटते तेवढी कडाक्याची नसते. जानेवारीत पारा साधारण १ ते ६ अंशांत राहतो, बर्फ पडला तरी फार टिकत नाही. त्रास असतो तो वाऱ्याचा आणि अंधाराचा. २१ डिसेंबरच्या सुमारास लरविकमध्ये, म्हणजे तिथल्या मुख्य गावात, सूर्य ९ नंतर उगवतो आणि ३ च्या आत मावळतो. फेब्रुवारीच्या अखेरीस मात्र दिवस १० तासांच्या आसपास येतो. तारखा तुमच्या हातात असतील तर तोच आठवडा निवडा. रात्र ‘मिरी डान्सर्स’साठी, म्हणजे तिथल्या उत्तरध्रुवीय प्रकाशासाठी, पुरेशी काळी असते आणि दिवसाही काहीतरी पाहून होतं. त्या प्रकाशावर सगळी सहल बेतू नका. तो असला तरी ढग बहुतेक वेळा मध्ये येतात.

लरविकचा ‘अप हेली आ’ हा मशालींचा उत्सव जानेवारीच्या शेवटच्या मंगळवारी असतो. त्यासाठी जायचं तर राहण्याची सोय वर्षभर आधी करावी लागते. मिरवणूक आणि तिच्या शेवटी होणारं व्हायकिंग धाटणीच्या नौकेचं दहन रस्त्यावरून कोणालाही पाहता येतं, पण नंतर रात्रभर सभागृहांत चालणारे कार्यक्रम बहुतांशी निमंत्रितांचे असतात. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, गावाला सुट्टी असते, म्हणून खाणं सोमवारीच भरून ठेवा. एवढी गर्दी नको असेल तर फेब्रुवारीच्या शेवटच्या शुक्रवारी ब्रेसे आणि कलिव्हो इथे हाच उत्सव छोट्या प्रमाणावर होतो.

जाण्यासाठी ॲबर्डीनहून नॉर्थलिंक कंपनीचं रात्रीचं जहाज घ्या. थेट फेरी संध्याकाळी ७ ला सुटते, ऑर्कनीतल्या कर्कवॉलमार्गे जाणारी ५ ला. दोन्ही सकाळी साडेसातच्या सुमारास लरविकला लागतात. जानेवारी-फेब्रुवारीत जहाजं आळीपाळीने डागडुजीला गोदीत जातात आणि फेऱ्या कमी होतात, म्हणून आधी वेळापत्रक पाहा, मग रजा टाका. ॲबर्डीन बंदराचं तोंड अरुंद आहे. पूर्वेकडून मोठ्या लाटा आल्या की ते बंद होतं. त्यामुळे शहरात वारा पडलेला असूनही जहाज अडकू शकतं. वादळ येणार असेल तर जहाज कधी वेळेआधीही सोडतात. तिकिटावर मोबाइल नंबर बरोबर दिलेला असेल तरच तो निरोप तुम्हाला मिळतो. सुटण्याच्या दिवशी दुपारीच ॲबर्डीनमध्ये असलेलं बरं.

केबिन घ्याच, आणि निवड मिळाली तर जहाजाच्या मध्यावरची. पुढच्या टोकाला उसळी जास्त बसते. मळमळीची गोळी जहाज सुटण्यापूर्वी घ्यायची, पोट ढवळायला लागल्यावर ती पोटात टिकत नाही. रात्रीचं खाणं हलकं ठेवा, पण रिकाम्या पोटी राहू नका. प्रवासात गाड्यांच्या मजल्यावर परत जाता येत नाही, म्हणून गोळ्या, पाणी, रात्रीचे कपडे आधीच वेगळ्या पिशवीत काढा. पोहोचल्यावर न्याहारी जहाजावरच उरकून घ्या, बाहेर अजून काळोख असतो.

विमानाने सम्बराला, म्हणजे शेटलंडच्या विमानतळावर, थेटही जाता येतं. तिथे आडवा वारा किंवा धुकं असेल तर विमान उतरत नाही. वेळ वाचतो, पण खात्री वाढत नाही.

आता क्रम. लांबचं ठिकाण आधी घ्या, लरविक शेवटी. अन्स्टला, म्हणजे सर्वांत उत्तरेच्या वस्तीच्या बेटावर, जायला दोन छोट्या बोटींच्या फेऱ्या लागतात: टॉफ्टहून उल्स्टा, मग येल बेट ओलांडून गचरहून बेलमाँट. पहिली साधारण २० मिनिटांची, दुसरी १०. त्या बंद पडल्या तर तुम्ही पलीकडे अडकता, आणि मुख्य जहाज कोणासाठी थांबत नाही. म्हणून शेवटच्या दोन रात्री लरविकमध्ये ठेवा. आठवड्याच्या सहलीत निदान दोन दिवस मोकळे सोडा. वारा चांगला असला तर ते वाया जात नाहीत.

ब्रिटिश हवामान खात्याचा वाऱ्याचा अंदाज मैलांत असतो. तासाला ३० मैलांचे झोत तिथे रोजचे. ४० च्या वर कड्यांकडे जायचं नाही. ५० च्या वर छोट्या फेऱ्यांची चौकशी केल्याशिवाय निघू नका, आणि ६० ला घरातच थांबा. वारा जमिनीकडून समुद्राकडे असेल तर तो उघडच ढकलतो. समुद्राकडून येणारा मात्र जास्त फसवतो: तुम्ही त्याच्यावर रेलून उभे राहता आणि झोत एकदम पडतो. गवत ओलं, निसरडं असतं, म्हणून टोकापासून १० पावलं मागेच राहा. अटलांटिकच्या लाटा वारा शमल्यावरही एक-दोन दिवस तशाच येत राहतात. त्या पाहायला पश्चिम किनाऱ्यावरचं एशानेस सर्वांत चांगलं. रस्ता थेट दीपगृहापर्यंत जातो, गाडीत बसूनही दिसतं.

गाडी उभी करताना तिचं तोंड वाऱ्याकडे हवं. वारा मागून असेल तर दार हातातून हिसकावलं जातं आणि बिजागरी वाकते. भाड्याच्या गाडीच्या विम्यात हे नुकसान धरलंय का, ते कागदावर वाचून घ्या. एका वेळी एकच दार उघडा, तेही दोन्ही हातांनी. एकपदरी रस्त्यावर समोरून गाडी दिसली की जवळच्या रुंद जागेशी थांबा. ती जागा उजव्या बाजूला असेल तर आपण डावीकडेच तिच्यासमोर थांबायचं. इंधन अर्ध्याखाली येऊ देऊ नका, आणि लरविकबाहेर रविवारी काही उघडं मिळेल असं धरू नका.

कपड्यांत जीन्स नको, भिजली की वाळत नाही. आत लोकर, वर जलरोधक जॅकेट आणि तशीच पँट. पँट बहुतेक जण विसरतात, आणि पाऊस तर आडवा येतो. छत्री घरीच ठेवा. डोक्याला बांधायची विजेरी आणि १:५०,००० चा कागदी नकाशा जवळ हवा, कारण मोबाइलची रेंज दऱ्यांत जाते.

काय नसेल तेही ठरवून जा. पफिन पक्षी ऑगस्टमध्येच समुद्रावर निघून जातात, मूसा बेटाची बोट बंद असते, सम्बरा हेडचं माहिती केंद्रही. लरविकमधलं शेटलंड म्युझियम मात्र वाऱ्याच्या दिवसासाठी उत्तम. सेंट निनियन्स बेटाला जोडणारा वाळूचा पट्टा हिवाळ्यात लाटांखाली जाऊ शकतो. भरती-ओहोटीचं कोष्टक पाहून ओहोटीतच जा आणि पाणी चढायच्या आत परता. पाणमांजरं दिसण्याची संधी हिवाळ्यातही चांगली असते. ओहोटीच्या वेळी, वारा आपल्या तोंडावर येईल अशा बाजूने, किनाऱ्याशी बसून राहायचं. आपला वास त्यांच्यापर्यंत गेला की ती पाण्यात उतरतात.

शाकाहाऱ्यांनी स्वयंपाकघर असलेलं घरच घ्यावं. हिवाळ्यातलं तिथलं नेहमीचं ‘टॅटी सूप’ बटाट्याचं दिसतं, पण ते बहुधा ‘रीस्टिट मटण’, म्हणजे मीठ लावून वाळवलेलं मटण, घालून उकळलेलं असतं. मागण्याआधी विचारा. जहाज दोन दिवस आलं नाही की दुकानातलं दूध, पाव, भाजी संपते. पोहे, रवा, मूगडाळ, मसाला असा चार दिवसांचा शिधा सोबत असला की ती अडचण राहत नाही. भारतातून थेट येत असाल तर पेढे आणि तूप आणू नका, ब्रिटनमध्ये दुधाच्या पदार्थांना बंदी आहे. डाळ-मसाला ॲबर्डीनला पोहोचण्याआधीच घ्या.

परतीला ॲबर्डीनहून त्याच दिवशीचं विमान किंवा बदलता न येणारं रेल्वे तिकीट काढू नका. जहाज सकाळी ७ ला लागायचं असतं, पण वाऱ्यात ते दुपारीही लागू शकतं. महत्त्वाची कामं आणि मुलांची शाळा दुसऱ्या दिवशीपासून धरा.