लहान मुलाच्या पावलांवरचा भार घरच्या घरी कसा पाहावा

"ह्याचे पाय सपाट आहेत गो!" सोप्यावर बसलेली एखादी मावशी सहज बोलून जाते आणि आईच्या पोटात गोळा येतो. खरे तर तीन-चार वर्षांच्या मुलाचा तळवा बऱ्याचदा सपाटच दिसतो. कमानीच्या जागी चरबीची गादी असते आणि सांधेही लवचीक असतात. कमान पुढच्या काही वर्षांत हळूहळू वर येते. तोवर चालताना मूल पावलाच्या मधल्या भागावरही भार टाकते. तो जास्त जागेत पसरल्यामुळे एकेका ठिकाणचा दाब कमीच राहतो.

स्वतः पाहायचे तर जमिनीवर पुस्तकांना घालायच्या खाकी कागदाची दोन-तीन मीटरची पट्टी चिकटवा. तिच्या दोन पावले अलीकडे ओला टॉवेल अंथरा. जुन्या घरातल्या लाल सिमेंटच्या जमिनीवर कागदही लागत नाही, पण पावसाळ्यात ती ओलसर असते, तेव्हा हा नाद सोडा.

मुलाला टॉवेलवर पाय भिजवायला सांगा आणि पलीकडून आजोबांना हाक मारू द्या. "कागदावर नीट पाय ठेव" असे अजिबात म्हणू नका. नेम धरून टाकलेले पाऊल रोजच्या चालीसारखे नसते. दोन-तीन फेऱ्या करून प्रत्येक पायाचे तीन ठसे मिळवा आणि ते सुकायच्या आत पेन्सिलने कडा गिरवा.

टाच आणि चवड्यामधला पट्टा रुंद असला तरी चालेल. डावा-उजवा सारखा आहे ना, ते पाहा. मग मुलाला फळीवरचा डबा काढायला चवड्यांवर उभे करा. तेव्हा कमान उमटली, तर पाय लवचीक आहे.

ठशावरून पाऊल कुठे टेकले एवढेच कळते. दाब किती, हे मोजायला सेन्सरची पाटी लागते. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर ओहोटीच्या ओल्या वाळूत ठसा किती खोल उमटला, यावरून दाबाचा थोडा अंदाज येतो. पण किनारा उताराचा असतो, म्हणून मुलाला जाताना-येताना दोन्ही बाजूंनी चालवा.

पाय दुखत असेल, मूल लंगडत असेल, एकच पाय वेगळा वाटत असेल, कमान चवड्यांवरही येत नसेल किंवा वयाच्या तीन वर्षांनंतरही ते सतत चवड्यांवर चालत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. नाहीतर बुटात पॅड घालायची घाई नको. कागदामागे तारीख लिहून ठेवा. पुढचा ठसा सहा महिन्यांनी.