अडेल घोड्याला लंजिंग शिकवताना

लंजिंग म्हणजे लांब दोर धरून घोड्याला आपल्याभोवती वर्तुळात चालवणे. ही व्याख्या बरोबर आहे, पण तिच्यामुळे घोडा फिरला की काम झाले, असा समज होतो. मान ताठ, दोर ताणलेला, डोळे कुंपणापलीकडे लागलेले, अशा अवस्थेत वीस फेऱ्या मारणारा घोडा फिरत असतो खरा, पण मधल्या माणसाकडे लक्ष दिले नाही तरी चालते, एवढेच तो त्यातून शिकत असतो. त्याची मस्ती जिरवण्यासाठी त्याला तासभर फिरवणाऱ्यांच्या पदरी तर आणखी विचित्र फळ पडते, कारण रोजच्या फेऱ्यांनी घोड्याचा दमसास वाढतो आणि अडेलपणा मात्र जिथल्या तिथे राहतो.

घोड्याला अडेलतट्टू ठरवण्याआधी त्याला काही दुखत तर नाही ना, हे पाहणे भाग आहे. खरारा करताना पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटांनी हलका दाब देत जावे. घोडा पाठ खाली घेत असेल, कातडी थरथरवत असेल किंवा तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना कान मागे पाडून चावायला वळत असेल, तर त्याचे म्हणणे आधी ऐकावे. दात, खूर आणि नाल यांचीही तपासणी झालेली असावी. सरळ रेषेत दुडक्या चालीने पळवून डोक्याकडे लक्ष ठेवले, तर पुढच्या पायाचा लंगडेपणा बहुधा कळतो: दुखरा पाय जमिनीवर टेकताना घोडा डोके वर झटकतो आणि चांगला पाय टेकताना ते खाली येते. एका बाजूने नीट फिरणारा आणि दुसऱ्या बाजूने हटून बसणारा घोडा कित्येकदा हट्टी नसतो, कारण वर्तुळात आतल्या बाजूच्या पायांवर वेगळा भार येतो आणि लपलेले दुखणे तिथे उघडे पडते. अशा वेळी प्रशिक्षण थांबवून पशुवैद्याला दाखवणे हाच जवळचा रस्ता असतो. तीन वर्षांखालील शिंगराला तर वर्तुळात पळवूच नये, असे माझे मत आहे, कारण त्याची हाडे आणि सांधे अजून घडत असतात.

जागा सपाट, न घसरणारी आणि शक्यतो कुंपण घातलेली असावी, आणि तिचा व्यास सुमारे २० मीटर असला म्हणजे पुरे. दोर ७ ते ८ मीटर लांबीचा, हाताला भरीव लागणारा आणि सुती असावा. नायलॉनचा दोर हातातून सरकला तर तळवा भाजतो. डोक्यात केव्हेसन, म्हणजे नाकाच्या पट्ट्यावर कडी असलेली लंजिंगची म्होरकी, सर्वांत सोयीची. ती नसल्यास घट्ट बसणारी साधी म्होरकी चालते, मात्र सुरुवातीला दोर लगामाच्या तोंडातल्या कडीला अडकवू नये. आपल्या हातात मोजे, डोक्यावर हेल्मेट आणि पायांत बंद बूट हवेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दोर हाताभोवती किंवा मनगटाभोवती कधीही गुंडाळू नये. उरलेला दोर मागेपुढे घड्या घालून तळव्यात धरावा, म्हणजे घोडा उधळला तर घड्या सुटत जातील आणि हात अडकणार नाही.

लंजिंगचा चाबूक मारण्यासाठी नसतो, तो आपला लांब केलेला हात असतो. ज्या घोड्याने चाबकाचा मार खाल्ला आहे त्याला हे शब्दांनी पटत नाही, म्हणून आधी चाबकाची काठी त्याच्या खांद्यावरून, पाठीवरून, पुठ्ठ्यावरून आणि पायांवरून हळूहळू फिरवावी. तो बिचकून सरकला तर काठी काढून न घेता तेवढ्याच हलक्या स्पर्शाने तिथेच ठेवावी आणि तो क्षणभर स्थिर झाला की लगेच काढावी. सरकत असताना काढली, तर सरकण्याचेच बक्षीस मिळाल्यासारखे होते.

या एवढ्याशा गोष्टीत पुढच्या सगळ्या कामाचे मर्म आहे. घोडा दाबाने शिकत नाही, दाब ज्या क्षणी निघून जातो त्या क्षणाने शिकतो. दोर ताणणे, चाबूक उचलणे, त्याच्याकडे रोखून चालत जाणे हे सारे प्रश्न आहेत, आणि दोर सैल पडणे, चाबूक खाली येणे, आपले खांदे ढिले होणे हे उत्तर बरोबर असल्याचे सांगणे आहे. ते एका सेकंदाच्या आत सांगितले गेले नाही, तर घोड्याला वेगळ्याच कृतीचे श्रेय मिळते. अडेल म्हणून माझ्याकडे आलेल्या बहुतेक घोड्यांच्या बाबतीत असेच घडले होते: कोणीतरी चुकीच्या क्षणी ढील दिली होती, आणि तीही रोज, नेमाने.

आदराचा पहिला धडा वर्तुळात द्यायचा नसतो, तो दोन मीटरच्या दोरावर द्यायचा असतो. आपण थांबलो की थांबणे, चाललो की चालणे, नाकावर हलका दाब आला की दोन पावले मागे जाणे, आणि पुठ्ठ्याकडे पाहून बोट केले की मागचे पाय बाजूला टाकणे, या चार गोष्टी घोडा दोन्ही बाजूंनी सहज करू लागेपर्यंत लांब दोर खुंटीवरच राहू द्यावा. जो घोडा हातभर अंतरावर खांद्याने ढकलतो, तो सात मीटरवर, जिथे आपला हात पोचतच नाही, आपल्याला मोजण्याची शक्यता नाही.

आता उभे राहण्याची जागा. घोडा डाव्या हाताला, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरत असेल, तर दोर आपल्या डाव्या हातात आणि चाबूक उजव्या हातात असतो. दोर, चाबूक आणि घोड्याचे अंग मिळून एक त्रिकोण होतो आणि त्याच्या टोकाला आपण असतो. तंग जिथे बसतो त्या रेषेच्या मागे आपली नाभी रोखलेली असेल, तर घोडा पुढे निघतो; त्या रेषेच्या पुढे, खांद्यासमोर, आपण आलो तर तो थांबतो किंवा वळतो. घोड्याला आजूबाजूचे जवळजवळ सगळे दिसते, फक्त नाकासमोरचा थोडा भाग आणि शेपटीमागचा भाग सोडून, त्यामुळे आपले पाऊलभर पुढेमागे होणेही त्याच्या नजरेतून सुटत नाही. आपल्याला मात्र ते कळत नाही.

पहिले काही दिवस सोबती मिळाला तर उत्तम. सोबत्याने घोड्याच्या बाहेरच्या बाजूने, डोक्याजवळ चालावे आणि स्वतः काहीही बोलू नये. आज्ञा मधल्या माणसानेच द्यावी आणि सोबत्याने ती घोड्याला पाळायला लावावी. दोन-तीन दिवसांत सोबती पाऊल-पाऊल दूर होत जातो. सोबती नसेल तर तीन मीटर अंतरावरून, फक्त चालीने, म्हणजे न पळवता चालवत, एक-दोन फेऱ्यांपासून आरंभ करावा आणि घोडा शांत राहील तसतसा दोर सोडत जावे, कारण लहान वर्तुळ सांध्यांना जड जाते आणि तिथे फार काळ रेंगाळणे बरे नाही. मागणी नेहमी एकाच क्रमाने करावी: आधी अंग आणि नजर पुठ्ठ्याकडे, मग आवाज, मग उचललेला चाबूक, आणि तरीही उत्तर आले नाही तरच मागच्या पायांच्या मागे जमिनीवर चाबकाचा एक फटकारा. प्रत्येक पायरीनंतर दोन सेकंद थांबावे. हा क्रम बदलला नाही, तर आठवड्याभरात घोडा नुसत्या नजरेवर निघू लागतो, कारण पुढची पायरी कोणती ते त्याला ठाऊक झालेले असते.

थांबवण्यासाठी शब्द लांबवून, खालच्या स्वरात उच्चारावा, श्वास सोडावा, चाबूक मागे घ्यावा आणि खांद्याच्या पुढच्या दिशेने एक पाऊल टाकावे. दोराने मुठीत स्पंज पिळल्यासारखे आवळून सोडावे. सलग ओढू नये. थांबलेल्या घोड्याने वर्तुळाच्या रेषेवरच उभे राहावे आणि आपण दोर गोळा करत त्याच्याकडे जावे, हा नियम मी कधी मोडत नाही. त्याला मध्यभागी बोलावून थोपटायची सवय लावली, की तो थकला किंवा कंटाळला की आपणहून आत येतो, आणि मग आपणच लावलेल्या सवयीला आपण हट्ट म्हणतो.

माझ्या बाबतीत नेमके हेच एका घोडीने दाखवून दिले. ती दुडक्या चालीने दोन फेऱ्या छान मारायची आणि तिसऱ्या फेरीत एका ठरावीक जागी वळून माझ्यासमोर उभी राहायची, कान पुढे, अगदी सभ्य चेहऱ्याने. मी चाबूक उचलला की दिशा बदलून उलटी निघायची. चार दिवस मी तिला हट्टी म्हणत होतो. पाचव्या दिवशी कुंपणाशी उभा असलेला जुना मोतद्दार म्हणाला, “साहेब, ती वळायच्या आधी तुम्ही मागं सरता.” मला ते खरे वाटले नाही म्हणून मोबाईलवर चित्रण करून पाहिले. घोडीचा आतला डोळा माझ्याकडे वळला, की माझा डावा पाय अर्धे पाऊल मागे जात होता आणि त्याबरोबर दोर ताणला जाऊन तिचे नाक आत येत होते. तिच्या दृष्टीने मी तिला बोलावत होतो. दुसऱ्या दिवशी त्या जागेच्या थोडे आधी मी मुद्दाम तिच्या पुठ्ठ्याच्या दिशेने एक पाऊल पुढे टाकले, आणि ती काही न घडल्यासारखी तिथून निघून गेली.

जागेवर खिळलेल्या घोड्याला सरळ पुढे ढकलू नये; दोराने नाक किंचित आत घेऊन मागचे पाय बाजूला टाकायला लावावेत. पाय एकदा सुटले की पुढे निघणे सोपे जाते. खांद्याने आत येऊन वर्तुळ लहान करणाऱ्याला चाबकाचे टोक खांद्याकडे रोखून बाहेर पाठवावे, आणि स्वतः मागे हटू नये. बाहेर ओढत जाणाऱ्याशी मात्र रस्सीखेच खेळण्यात अर्थ नसतो, कारण त्याचे वजन चारशे-पाचशे किलो असते आणि सलग ओढीला टेकून पळणे त्याला आवडतेच. कुंपणाचा आधार घेऊन, त्याचे नाक आत वळलेले असताना थोडे घ्यावे आणि लगेच सोडावे, असे तालात करत राहावे. मान सरळ करून तो निघालाच, तर दोर सोडून द्यावा, त्यात कसलीही नामुष्की नाही. माणसाकडे तोंड करून मागच्या पायांवर उभा राहणारा किंवा जवळ येऊन दुगाण्या झाडणारा घोडा एकट्याने हाताळू नये, अनुभवी प्रशिक्षकाला बोलवावे.

वेग वाढवत जाणारा घोडा बहुधा उद्धट नसून घाबरलेला असतो. त्याच्यावर ओरडले तर भीतीला कारण मिळते. चाबूक काखेत मागे वळवून धरावा, वर्तुळ हळूहळू लहान करत त्याला चालीवर आणावे, अर्धी फेरी चालू द्यावे आणि पुन्हा दुडकी मागावी. चाल, दुडकी, चाल, थांब, असे बदल दर फेरीला मागितले, की पळण्याऐवजी ऐकण्यात त्याचे डोके गुंतते. शांतपणाची खूण म्हणून पुष्कळजण जीभ चाटणे आणि जबडा हलवणे सांगतात, पण ताण नुकताच ओसरलेला घोडाही तसे करतो, म्हणून मी त्यावर एकट्यावर भरवसा ठेवत नाही. आतला कान आपल्याकडे वळलेला, मान खाली लांबलेली, नाकातून लांब फुरफुर, दुडकीचे दोन ठोके घड्याळासारखे सारखे पडणारे आणि दोराला किंचित झोळ, हे सगळे एकत्र दिसले की समजावे.

सुरुवातीला दहा मिनिटे पुरतात आणि पुढेही वीस मिनिटांच्या वर जाऊ नये; दर तीन-चार मिनिटांनी बाजू बदलावी आणि आठवड्यात दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त लंजिंग करू नये. माणसे घोड्याला बहुतेक डाव्या बाजूनेच हाताळतात, त्यामुळे उजव्या हाताचे वर्तुळ कच्चे राहते. तिथे धीराने, पण कमी अपेक्षा ठेवून काम करावे. चाल आणि दुडकी दोन्ही बाजूंनी पक्की झाल्यावरच तीन ठोक्यांची दौड मागावी, तीही मोठ्या वर्तुळावर. शेवटी त्याला नक्की जमणारी एखादी गोष्ट मागून थांबावे, वर्तुळाच्या रेषेवर जाऊन मानेवर खाजवावे, दोर गोळा करावा आणि श्वास नेहमीसारखा होईपर्यंत हाताने फिरवावे. पागेत नेल्यावर चारही पायांवरून हात फिरवून कुठे ऊब किंवा सूज लागते का ते पाहावे, आणि लागलीच तर दुसऱ्या दिवशी लंजिंगचा दोर खुंटीवरच ठेवावा.