एका घरात दोन चुली असतील तर वेगळं रेशन कार्ड कसं काढायचं

कोल्हापुरात शनिवार पेठेतल्या आमच्या गल्लीत एका दारातून आत गेलं की दोन-तीन संसार दिसतात. पुढच्या सोप्यात थोरला भाऊ, माजघरात धाकटा, मागच्या पत्र्याच्या खोलीत पोरांना घेऊन राहणारी विधवा बहीण. रेशन कार्ड मात्र एकच. आमच्या बचत गटातल्या बायकांचे अर्ज मी भरून देते, त्यामुळे एक प्रश्न सारखा कानावर येतो: “ताई, घर एकच हाय, मग मला येगळं कार्ड मिळंल का?”

मिळू शकतं. छप्पर एक असलं तरी चूल वेगळी असेल आणि कमाई-खर्च वेगळा असेल, तर तुम्ही वेगळं कुटुंब म्हणून अर्ज करू शकता. फक्त हे कागदावर आणि घरात, दोन्हीकडे दिसलं पाहिजे. एकाच पत्त्यावर दुसरं कार्ड द्यायला पुरवठा खातं सहजी तयार होत नाही. घर एकत्रच असताना कागदोपत्री फोड करणारेही पुष्कळ असतात, म्हणून चौकशी कडक होते. तिचा राग धरू नका.

अर्जाआधी घरात बसून हिशेब करा. धान्य मिळणारी कार्डं दोन प्रकारची: अंत्योदय, म्हणजे सगळ्यांत गरीब घरांसाठीचं, आणि प्राधान्य कुटुंब. 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळतं आणि अंत्योदयला कार्डामागे 35 किलो, माणसं कितीही असोत. जानेवारी 2023 पासून हे धान्य फुकट आहे. म्हणजे प्राधान्य कार्डावर सहाजण असतील तर 30 किलो; तिघं-तिघं वेगळे झाले तरी 15 आणि 15. फोड करून दाणाही वाढत नाही. अंत्योदय कार्ड असेल तर जास्तच विचार करा, कारण ते 35 किलो मूळ कार्डाकडेच राहतात आणि बाहेर पडणाऱ्याला नव्याने रांगेत उभं राहावं लागतं. अशा घरातल्या धाकट्या सुनेला मी स्पष्ट सांगते, आधी सासूबाईंशी आणि जाऊबाईंशी बोल, मग अर्जाला हात लाव.

मग वेगळं कार्ड कशाला? उत्पन्नासाठी. प्राधान्य योजनेत बसायला शहरात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 59,000 रुपयांच्या आत लागतं आणि ग्रामीण भागात 44,000 च्या आत. घरपट्टी ग्रामपंचायतीत भरत असाल, तर शहराला कितीही चिकटून राहात असलात तरी ग्रामीण मर्यादा धरायची. 59,000 म्हणजे महिन्याला पाच हजारसुद्धा नाहीत. उद्यमनगरात कामाला जाणाऱ्या दिराचा पगार आणि धुणीभांडी करणाऱ्या विधवा भावजयीची कमाई एका कार्डावर एकत्र मोजली, की ती बाई योजनेबाहेर जाते. तिच्या पोरांच्या ताटात त्या पगारातलं काही येत नसतं. हे मला फार लागतं, आणि अशा बाईने वेगळा अर्ज केलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

अर्जाचा क्रम असा. आधी जुन्या कार्डातून तुमचं आणि मुलांचं नाव कमी करून त्याचा दाखला घ्यायचा. एक आधार नंबर दोन कार्डांवर चालत नाही, त्यामुळे ही पायरी टाळता येत नाही. त्यासाठी बहुधा कार्डप्रमुखाची सही लागते. कायद्याने 18 वर्षांवरची घरातली सर्वांत मोठी बाई कुटुंबप्रमुख धरतात, म्हणजे बहुतेक घरांत सासूबाईच. सासूबाई कोणाच्या चुलीवर जेवतात, त्या कार्डावर त्यांचं नाव राहू द्या. त्यावरून भांडू नका. सही द्यायला घरचे तयार नसतील तर तसं अर्जात लिहा आणि पुरवठा निरीक्षकांनी चौकशी करावी अशी लेखी विनंती जोडा. आज नाव कमी आणि नवं कार्ड पुढे कधीतरी, असं झालं तर मधल्या काळात धान्य बंद राहतं. म्हणून नव्या कार्डाचे कागद आधीच तयार ठेवा.

कागदांत सर्वांचं आधार, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, नवरा वारला असेल तर मृत्यूचा दाखला आणि राहण्याचा पुरावा. गाडी अडते ती या शेवटच्या कागदावर. घर भावाच्या नावावर असेल तर त्याची घरफाळ्याची पावती आणि “ही माझी बहीण याच घरात वेगळी चूल मांडून राहते” असं त्याचं संमतीपत्र घ्या. भाड्याने असाल तर भाडेपावती. सगळ्यांत वजनदार पुरावा म्हणजे तुमच्या नावाचं वेगळं गॅस कनेक्शन. लाइटचं मीटर वेगळं असेल तर फारच चांगलं. बँकेच्या पासबुकावरही हाच पत्ता हवा.

मग घर बघायला माणूस येतो. वेगळा गॅस, वेगळी भांडी, डबे-बरण्यांची वेगळी फळी दिसला की अर्धं काम होतं. दारात चारचाकी उभी असेल तर ती कोणाची ते विचारतील, कारण तुम्हाला नव्याने मिळणाऱ्या केशरी कार्डासाठीसुद्धा टॅक्सी सोडून चारचाकी चालत नाही. गाडी दिराच्या नावावर असेल तर तिची कागदपत्रं दाखवा. शेजाऱ्यांनाही विचारलं जातं. जे आहे तेच सांगा. एकत्र जेवत असाल तर वेगळं दाखवायचा अर्ज मी भरून देत नाही.

नवं केशरी कार्ड हातात आलं की धान्य सुरू, असं बायकांना वाटतं. तसं नसतं. राज्याला सुमारे 7 कोटी लाभार्थ्यांची मर्यादा आहे, तिला इष्टांक म्हणतात. इष्टांकात जागा असेल तरच नाव प्राधान्य यादीत चढतं. म्हणून कार्डासोबतच “प्राधान्य कुटुंब योजनेत समावेश करावा” असा वेगळा अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. पोच नसलेला अर्ज मी दिलेला धरतच नाही. नाव चढल्यावर सर्वांची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा देऊन करून घ्या, पाच वर्षांवरच्या पोरांचीही.

शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला येऊन एका खोलीत चौघं-पाचजण राहणाऱ्या पोरांना मात्र यातलं काही करावं लागत नाही. खोलीतले सोबती कुटुंबात धरत नाहीत. गावाकडच्या कार्डावर नाव आणि आधार जोडलेलं असेल तर आपल्या वाट्याचं धान्य इथल्या दुकानात अंगठा देऊन उचलता येतं. आधी घरी फोन करून, त्यांनी तिकडे किती उचललं ते विचारा.

दुकानदार नाही म्हणाला किंवा अर्ज पडून राहिला तर 1967 किंवा 1800-22-4950 वर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा नंबर लिहून ठेवा. तरी हललं नाही तर जिल्हा पुरवठा अधिकाऱ्यांच्या नावे लेखी अर्ज द्या, त्यात जुन्या पोचेचा क्रमांक आणि तारीख घाला. एजंटाला पैसे देऊ नका. कोणी फी मागितली तर पावती मागा.