जर्मनीत राहायचं तर जर्मन: कधी, किती आणि कशी शिकायची

"ऑफिसचं काम इंग्रजीतच आहे, जर्मन नंतर बघू." पुण्याहून श्टुटगार्टला किंवा म्युनिकला निघालेल्यांच्या तोंडी हे वाक्य हमखास असतं. ते 'नंतर' कधी येतं? मुलाच्या पाळणाघरात पालकसभा असते तेव्हा. घरमालकाचं चार पानी पत्र येतं तेव्हा. स्थायी परवान्याचा अर्ज भरताना भाषेच्या प्रमाणपत्राचा रकाना समोर येतो तेव्हा. तोवर दोन वर्षं गेलेली असतात, आणि ती दोन वर्षं शिकायला सगळ्यात सोयीची होती.

आधी कायदा काय मागतो ते बघू. युरोपात भाषेच्या सहा पायऱ्या मानतात: ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२. ए१ सगळ्यात खालची, सी२ सगळ्यात वरची. नवरा किंवा बायको म्हणून जर्मनीला जाणाऱ्याला साधारणपणे निघण्याआधीच ए१ दाखवावी लागते. जोडीदाराकडे ब्लू कार्ड (उच्चशिक्षितांना नोकरीसाठी मिळणारा परवाना) असेल किंवा कुशल कामगारांसाठीचे काही ठरावीक परवाने असतील, तर यातून सूट मिळते. आपल्या परवान्याचं कलम कुठलं, ते व्हिसाच्या अर्जाआधी नीट पाहून घ्या. ब्लू कार्डवाल्याला ए१ वर २७ महिन्यांनी स्थायी परवाना मागता येतो आणि बी१ असेल तर २१ महिन्यांनी. इतर कुशल कामगारांना तीन वर्षं आणि बी१ लागते. नागरिकत्वासाठी पाच वर्षांचं वास्तव्य, बी१ आणि नागरिकत्वाची चाचणी. या चाचणीत ३३ प्रश्न असतात, १७ बरोबर आले की पास, वेळ ६० मिनिटं. सगळे प्रश्न ३१० प्रश्नांच्या जाहीर यादीतूनच येतात. ३०० देशाचे आणि १० तुमच्या राज्याचे. त्यामुळे घाबरण्यासारखं काही नाही, यादी दोनदा नीट वाचली की झालं. एक गोष्ट मात्र घरात बसून आधी बोलून घ्या: २०२४ पासून जर्मनी दुहेरी नागरिकत्व चालवून घेते, भारत घेत नाही. जर्मन पासपोर्ट हाती आला की भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो.

नर्स आणि डॉक्टर यांचं गणित वेगळं आहे. नर्सला व्यवसायाच्या मान्यतेसाठी बहुतेक राज्यांत बी२ लागते. डॉक्टरला त्यावर वैद्यकीय भाषेची वेगळी परीक्षा द्यावी लागते, साधारण सी१ च्या तोडीची. वीस मिनिटं रुग्णाशी बोलणं, वीस मिनिटं त्याचं टिपण लिहिणं, वीस मिनिटं वरिष्ठ डॉक्टरला ते सांगणं. इथे व्याकरणापेक्षा कान महत्त्वाचा. रुग्ण पुस्तकातलं जर्मन बोलत नाही.

अशी अपेक्षा ठेवणं रास्त आहे का? आमच्या मते आहे, पण ज्यानं अपेक्षा ठेवायची त्यानं शिकायची सोयही करायला हवी. जर्मनीनं हे फार उशिरा केलं. १९५५ मध्ये इटलीशी आणि १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार करून तिनं कामगार आणले. १९७३ मध्ये भरती थांबवली. त्या लोकांना 'गास्टआरबायटर' म्हणायचे, म्हणजे पाहुणे कामगार. पाहुणा परत जाणार, मग त्याला भाषा कशाला शिकवायची? पाहुणे राहिले, मुलंबाळं झाली, आणि आईवडील दवाखान्यात मुलांना दुभाषी म्हणून नेत राहिले. सरकारी खर्चाचे भाषावर्ग, म्हणजे 'इंटेग्रात्सिओन्सकुर्स', कायद्यानं आले ते १ जानेवारी २००५ ला. पहिल्या करारानंतर पन्नास वर्षांनी! मुंबई-पुण्यात येऊन राहणाऱ्यानं मराठी शिकावी असं आपण हक्कानं म्हणतो. मग आपण जिथे जाऊन राहतो तिथे तोच हक्क त्यांचाही आहे, हे मान्य करायला हवं.

हा वर्ग कसा मिळवायचा, ते नीट समजून घ्या. इथेच सगळ्यात जास्त लोक चुकतात. एकूण ७०० तास असतात (४५ मिनिटांचा एक तास): ६०० भाषेचे, १०० देशाचा इतिहास, कायदा आणि समाज यांचे. नोकरीसाठी किंवा कुटुंबासोबत पहिल्यांदा परवाना मिळालेल्या बहुतेकांना या वर्गाचा हक्क असतो, पण परवाना मिळाल्यापासून एक वर्षातच. वर्ष उलटलं की हक्क संपतो आणि मग प्रवेश मिळेलच असं नाही. म्हणून परदेशी नागरिकांच्या कचेरीत, म्हणजे 'आउसलेंडरबेहोर्डं'त, परवाना घ्यायला जाल त्याच दिवशी 'बेरेश्टिगुंग्सशाइन', म्हणजे वर्गाच्या हक्काचा दाखला, मागा. तो कागद घेऊन जवळच्या संस्थेत नाव घाला. ज्यांना लिहिण्यावाचण्याची सवय सुटली आहे त्यांच्यासाठी वेगळे वर्ग असतात आणि त्यात भाषेचे ९०० तासही मिळू शकतात. साधंसुद्धा बोलता येत नाही असं कचेरीला दिसलं, तर ती हा वर्ग सक्तीचाही करू शकते.

ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला ए१ मधून जी सूट मिळते, ती आम्हाला खटकते. कागदावर ती सवलत आहे. प्रत्यक्षात नवरा ऑफिसला, मूल पाळणाघरात, आणि शिकलीसवरलेली बाई घरात एकटी, कारण तिच्याकडून कुणी काही अपेक्षाच ठेवली नाही. कायद्यानं तिला पहिल्या दिवसापासून नोकरी करायची मुभा असते, पण भाषेवाचून ती मुभा नुसती कागदावर राहते. तेव्हा सूट मिळाली तरी ए१ करूनच निघा. आणि जर्मनीत पोचल्यावर वर्गाची पहिली जागा तिला द्या.

आता शिकायचं कसं. मराठी माणसाला जर्मन वाटते तेवढी परकी नाही, हे पहिल्याच दिवशी कळलं तर निम्मी भीती जाते. इंग्रजीतून जर्मन शिकायला गेलात की अडखळता, मराठीतून गेलात की वाट मोकळी होते.

आकड्यांचंच बघा. जर्मनीत पंचवीसला 'फ्युन्फउंटत्स्वानत्सिष' म्हणतात, म्हणजे 'पाच-आणि-वीस'. इंग्रजी बोलणाऱ्याला हे उलटं वाटतं. आपल्याला कशाला वाटेल? पंचवीस म्हणजे पाच आधी, वीस नंतर. सत्तेचाळीस, त्रेपन्न, सगळे तसेच. फक्त एकोणतीस, एकोणचाळीस यांत आपण पुढच्या दहातून एक वजा करतो, ते नऊ-आणि-वीस, नऊ-आणि-तीस म्हणतात. बँकेचा खाते क्रमांक किंवा फोन नंबर जोडीजोडीनं ऐकून लिहायचा सराव रोज दहा मिनिटं करा.

वेळ सांगताना मात्र एक खड्डा आहे. 'हाल्ब द्राय' हे शब्द 'अर्धा तीन' असे ऐकू येतात आणि मराठी मन लगेच साडेतीन धरतं. त्याचा अर्थ अडीच आहे. तिसऱ्या तासातला अर्धा झाला, असा त्यांचा हिशोब. दवाखान्याची वेळ याच कारणानं चुकते आणि पुढची वेळ कित्येकदा आठवड्यांनी मिळते. श्टुटगार्टच्या बाजूला 'द्रायफिअर्टेल द्राय' म्हणतात, ते पावणेतीन. 'फिअर्टेल द्राय' म्हणजे सव्वादोन, सव्वातीन नव्हे. घड्याळ समोर ठेवून तिन्ही प्रकार मोठ्यानं म्हणा.

लिंगाची धास्ती सगळ्यांना असते: डेर, डी, डास. पण आपल्याकडेही तो, ती, ते आहेच. 'ते मूल' नपुंसक, 'डास किंट' पण नपुंसक. प्रत्येक शब्दाचं लिंग मात्र मराठीशी जुळणार नाही. सूर्य त्यांच्याकडे स्त्रीलिंगी आहे: 'डी झोनं'. म्हणून शब्द एकटा कधीच पाठ करू नका, डेर-डी-डास सकट करा. शेवटावरून बरंच ओळखू येतं: -उंग, -हाइट, -काइट, -शाफ्ट असले की डी. -शेन, -लाइन असले की डास.

वाक्यरचनेत मराठीचा फायदा आणखी मोठा. 'वाइल' म्हणजे कारण, 'डास' म्हणजे की. यांच्यानंतर क्रियापद शेवटी जातं: 'वाइल इश काइनं त्साइट हाबं', कारण मला वेळ नाही. अगदी आपल्यासारखं. अडतं ते साध्या वाक्यात. तिथे क्रियापद दुसऱ्या जागी पक्कं बसलेलं असतं. 'उद्या मी येतो' याचं 'मॉर्गेन कॉमं इश' होतं, म्हणजे 'उद्या येतो मी'. 'मॉर्गेन इश कॉमं' ही चूक बी१ पर्यंत पाठ सोडत नाही. वाक्य काळानं किंवा जागेनं सुरू केलं की लगेच क्रियापद, असं शंभर वाक्यं बोलून घोटा.

'मला थंडी वाजते' हे आपण 'मला' नं सुरू करतो, तेही: 'मिअर इस्ट काल्ट'. इंग्रजी डोक्यात ठेवून 'इश बिन काल्ट' म्हणालात तर मी थंड स्वभावाचा आहे असा अर्थ होतो. 'मला बरं वाटत नाही' याचं 'मिअर गेट एस निष्ट गूट'. मराठीत 'मला' आलं की आधी 'मिअर' बसतं का ते तपासा. नेहमीच बसेल असं नाही, पण बऱ्याचदा बसतं.

तू आणि तुम्ही आपल्या अंगवळणी पडलेले आहेत, तेव्हा 'डू' आणि 'झी' समजवायला नको. 'डू' म्हणायची सुरुवात वयानं किंवा पदानं मोठ्या माणसानं करायची. तोवर आडनावाआधी हेर (श्री) किंवा फ्राउ (श्रीमती) लावून 'झी'.

उच्चारांतही मराठीची मदत होते. जर्मन झेड म्हणजे 'चमचा' मधला च, 'चहा' मधला नव्हे. स्वराआधीचा एस म्हणजे 'झाड' मधला झ. डब्ल्यूचा उच्चार व आणि व्हीचा बहुधा फ. 'यू'वर दोन टिंबं असली की तोंडात ई म्हणा आणि ओठ ऊ सारखे गोल करा. 'ओ'वर टिंबं असली की ए म्हणा आणि ओठ ओ सारखे करा. ऱ्हस्व-दीर्घ मात्र आपण बोलताना सैल सोडतो, तिथे सैल सोडून चालत नाही. आखूड 'श्टट' म्हणजे शहर, लांब 'श्टाट' म्हणजे राज्यसंस्था.

वेळ किती लागतो? शून्यापासून बी१ ला साधारण ३५० ते ६५० तास, ४५ मिनिटांचे. रोज दीड तास, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे आठवड्याला दहा तास झाले. ५०० तास धरले तर ५० आठवडे. ज्याला व्हिसाची तारीख सहा महिन्यांवर दिसते आहे, त्यानं ए२ चं ध्येय ठेवावं आणि उरलेलं तिथे जाऊन करावं. पुण्यात आणि मुंबईत माक्स म्युलर भवन आहे, पुण्यात विद्यापीठाचं रानडे इन्स्टिट्यूट आहे. वर्ग लावताना एकच विचारा: बोलायला दर तासाला किती मिनिटं मिळतात? चाळीस जणांच्या वर्गात दोन वाक्यंही वाट्याला येत नाहीत.

गोएथे इन्स्टिट्यूटच्या (माक्स म्युलर भवन हे त्याचंच भारतातलं नाव) बी१ परीक्षेत चार भाग: वाचन ६५ मिनिटं, ऐकणं ४०, लेखन ६०, बोलणं साधारण १५. प्रत्येकात १०० पैकी ६० हवेत. एक भाग राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. ए१ मात्र अख्खी पुन्हा द्यावी लागते. लेखनात तीन मजकूर असतात, अंदाजे ८०, ८० आणि ४० शब्दांचे. गुण जातात ते दोन गोष्टींत: प्रश्नात दिलेला एखादा मुद्दा लिहायचाच राहतो, नाहीतर पत्र 'झी' नं सुरू होऊन 'डू' वर येतं. ऐकण्याचे दोन भाग एकदाच ऐकवतात, तेव्हा आधी मिळालेल्या वेळात प्रश्नातले शब्द अधोरेखित करून ठेवा. बोलण्यात पाठ केलेलं भाषण लगेच ओळखू येतं. परीक्षक त्यानंतर प्रश्न विचारतो आणि पाठांतर तिथेच तुटतं.

परीक्षा सुटली तरी रोजचा एक काटा उरतो, तो फोनचा. समोरचा चेहरा दिसत नाही, हातवारे नाहीत. दवाखान्यात फोन लावण्याआधी कागदावर चार ओळी लिहून घ्या: नाव आणि त्याचं अक्षरवार स्पेलिंग, जन्मतारीख, विमा कंपनी, काय दुखतंय. मग पहिलं वाक्य: 'गूटेन टाग, इश ब्राउखं आइनेन टेर्मीन', म्हणजे नमस्कार, मला भेटीची वेळ हवी आहे. समोरून धबधबा आला की इंग्रजीवर उडी मारू नका. म्हणा, 'नॉखमाल, बिट्टे, एटवास लांगझामर', पुन्हा एकदा, जरा सावकाश. तारीख आणि वेळ त्यांनी सांगितली की आपल्या तोंडून परत म्हणून दाखवा, आणि 'हाल्ब' शब्द आला असेल तर तो आकड्यात विचारा: 'आल्झो, त्स्वाय ऊर द्रायसिष?' म्हणजे, दोन वाजून तीस मिनिटं ना?